सखी केंद्रात गेलं की नवरा आत? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नागपुरातल्या सोसायट्यांच्या आणि महिला मंडळांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजचा गोषवारा असा: सरकारने ‘वन स्टॉप सेंटर’चा, म्हणजे अत्याचारग्रस्त बायकांसाठीच्या सखी केंद्राचा, कायदा केला आहे. बाई तिथे गेली की गुन्हा आपोआप दाखल होतो आणि नवरा त्याच दिवशी आत जातो. एफआयआरची प्रत नसेल तर दारातूनच परत पाठवतात. सासर परगावी असेल तर इथे काही होत नाही. पाच दिवसांनी बाहेर काढतात. म्हणून घरातच मिटवा.

गुन्हा तिथे आपोआप दाखल होत असेल, तर आधी एफआयआरची प्रत कशाला मागतील? मेसेजमधली ही दोन विधानं एकमेकांनाच खोडतात. तरी प्रत्येक मुद्दा तपासू, कारण असले मेसेज वाचून बायका घरातच थांबतात.

‘नवा कायदा केला.’ नाही. ही केंद्र सरकारची योजना आहे. ती 1 एप्रिल 2015 पासून निर्भया निधीतून (महिला सुरक्षेसाठीचा केंद्राचा निधी) सुरू झाली आणि 2022 पासून ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या एकत्रित योजनेत आहे. उपचार, पोलिसांची मदत, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि तात्पुरता निवारा एकाच ठिकाणाहून मिळावा, एवढाच तिचा हेतू. बाईचे हक्क येतात ते 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातून आणि फौजदारी कायद्यांतून.

‘गुन्हा आपोआप, नवरा आत.’ एफआयआर नोंदवण्याचा किंवा अटक करण्याचा अधिकार केंद्राला नाहीच. सज्ञान बाईने तक्रार करायची की नाही, हे तीच ठरवते. अपवाद एक, आणि तो लपवून चालणार नाही: मुलगी 18 वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

नवऱ्याच्या क्रूरतेचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम 85) नोंदवला तरी अटक ठरलेली नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का हवी याची कारणं पोलिसांना लिहावी लागतात, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच अर्णेश कुमार प्रकरणात हे बजावलं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज तर संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा ताबा यांसाठी असतो. तिथे शिक्षेचा प्रश्न येतो तो न्यायालयाचा संरक्षण आदेश मोडल्यावर.

‘एफआयआरशिवाय मदत नाही.’ सगळ्यांत घातक मुद्दा हाच, कारण इथे तास मोजले जातात. बलात्कार किंवा अ‍ॅसिड हल्ल्यानंतर कोणत्याही रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, ताबडतोब मोफत उपचार करायचे असतात. नाकारले तर प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण बाईला तक्रार नको असेल तर तिचा नकार लिहून घेतात आणि उपचार चालूच राहतात. म्हणून नागपुरातली मेडिकल, मेयो किंवा डागा ही सरकारी रुग्णालयं, त्यांतलं जे जवळ असेल तिथे आधी पोहोचा.

गर्भधारणा रोखणारी गोळी 72 तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्ही रोखणारी औषधंही 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची असतात. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतले जातात. तोवर आंघोळ टाळावी. अंगावरचे कपडे धुऊ नयेत आणि कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि नमुना खराब होतो. आंघोळ झालीच असेल तरी जा, कारण जखमांची नोंदही पुरावाच असतो.

‘सासर परगावी, म्हणजे इथे काही नाही.’ नागपूरच्या कितीतरी मुली शिवनी, छिंदवाडा, रायपूरकडे दिलेल्या असतात, त्यामुळे हा गैरसमज इथे जास्त बोचतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 नुसार बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो, म्हणजे माहेरच्या गावातही. क्रूरतेची तक्रारही माहेरी नोंदवता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निर्णय आहे. हद्दीचं कारण सांगून ठाणं परत पाठवू शकत नाही; झिरो एफआयआर नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे पाठवायचा असतो.

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज अडतो तो वेगळ्याच कारणांनी. घटना अहवालात, म्हणजे हिंसाचाराची हकीकत नोंदवणाऱ्या कागदात, ‘नेहमी मारतो’ एवढंच लिहिलं जातं. तारीख, जागा, कोण हजर होतं, औषधोपचार कुठे झाले, हे राहून जातं. नवऱ्याचा पत्ता अपुरा असला की नोटीस बजावली जात नाही. आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश न मागणं. तो मागितला नाही, तर खर्चासाठी निकालापर्यंत थांबण्याची वेळ येते. कायदा 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा म्हणतो, पण त्या भरवशावर मुलांची फी थांबत नाही. वकिलाचा खर्च अडचण ठरू नये: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

‘पाच दिवसांनी बाहेर.’ केंद्रातला मुक्काम तात्पुरता, साधारण पाच दिवसांचा, हे खरं. रस्त्यावर काढतात, हे खोटं. पुढची सोय लागत नसेल तर शक्ती सदनात, म्हणजे जास्त दिवस राहता येईल अशा निवारागृहात, पाठवण्याची तरतूद आहे. पण ती मागणी पाचव्या दिवशी संध्याकाळी नको; पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे कागद वेळेत हलतात.

केंद्राचा पत्ता माहीत नसेल तर 181 हा महिला हेल्पलाइन क्रमांक दिवसरात्र चालू असतो. जिवाला धोका असेल तर 112. आधारकार्ड, लग्नाचा पुरावा, पासबुक, मुलांचे दाखले, स्त्रीधनाची यादी हाताशी असेल तर घ्या, नसेल तर तसंच निघा. केंद्रातून बाहेर पडताना मात्र केस क्रमांक, केस पाहणाऱ्या ताईंचं नाव आणि पुढची तारीख लिहून घ्या. ते हाती नसलं की ठाणं, रुग्णालय, न्यायालय अशा प्रत्येक ठिकाणी तीच हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते.