उजाडलेला कोंबडा

जुन्या लष्करी गणवेशांवरचे पॅच जमवणाऱ्या माणसाला घरात रद्दीहून किंचित कमी मान असतो, कारण रद्दीला निदान किलोचा भाव मिळतो. तरीही एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, गंजलेले पाने आणि बिनकाट्यांची घड्याळे यांच्या ढिगात, पिवळ्या वर्तुळातला लाल झुंजार कोंबडा दिसला आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. १९४२ साली उभारलेल्या आणि १९४४ साली इंफाळला जपान्यांशी लढलेल्या तेविसाव्या भारतीय डिव्हिजनची ही दंडावरची खूण! मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवून भाव विचारला. विक्रेत्याने मात्र कोंबड्याकडे न पाहता माझ्याकडे पाहूनच किंमत सांगितली.

अशा पॅचच्या पाठीवर जुन्या बाहीतून उसवलेल्या खाकी दोऱ्याची कुसे शिल्लक असतील, तर जाणकार खूश होतात. माझ्या कोंबड्याला ती होती. दुसरी परीक्षा अंधारातली. नोटा तपासायच्या टॉर्चचा जांभळा उजेड टाकला की हल्लीच्या कापडातली झळाळी आणणारी रसायने निळसर चमकतात, आणि युद्धकाळातले सुती कापड सहसा मुकाट अंधारात बसून राहते. टॉर्च मागवला, तो यायला तीन दिवस लागले आणि तोवर कोंबडा माझ्या टेबलावर उघडाच राहिला.

टॉर्च येताच न्हाणीघराचे दार लावून मी बटण दाबले, तो कोंबडा गणपतीच्या मांडवासारखा लखलखला. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही हे लहानपणापासून ऐकत आलो होतो; येथे कोंबडाच उजाडला होता. पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आलो, तेव्हा आई कौतुकाने म्हणाली, “केवढा कुबट वास मारत होता रे तो! रात्रभर पावडरीत भिजवला, तेव्हा कुठे असा निघालाय. आणि मागे दोरे लोंबत होते, तेही कात्रीने साफ केले.”

तीच झळाळीची रसायने धुण्याच्या पावडरीतही असतात. त्यामुळे आता हा कोंबडा बनावट असल्याने चमकतो की अस्सल असूनही धुतल्यामुळे चमकतो, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि साक्षीदार म्हणून उरलेले दोरे सकाळीच कचऱ्याच्या गाडीतून गेले होते.

मी त्याला चौकट करून बैठकीत लावले. परवा एका संग्राहक मित्राने त्याच्यासमोर उभे राहून खिशातून टॉर्च काढला, तशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “डाग शोधू नका हो, मी स्वतः घासलाय.”