परवानगी असलेल्या कामाला परवानगी का मिळत नाही?

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या गोठ्याची मागची भिंत बसली. मातीची जुनी भिंत होती. सलग चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी पहाटे ती आतल्या बाजूला कोसळली. सुदैवाने जनावरे पुढच्या दावणीला होती, म्हणून वाचली. त्या गोष्टीला आता चौदा महिने होत आले, आणि विटांची साधी भिंत मी अजून उभी करू शकलेलो नाही. माझे घर, गोठा आणि तीन एकर धानाचे शेत एका अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये येते, आणि तिथे वीट ठेवण्याआधी ना हरकत दाखला हवा, असे मला सांगण्यात आले. दाखला घ्यायला माझी हरकत नाही. मात्र तो द्यायचा कोणी, हे चौदा महिन्यांत एकाही कार्यालयाने मला लेखी सांगितलेले नाही, आणि माझा संताप त्यावर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण असे काही बोलले की लगेच ‘गावकऱ्यांना जंगल नको आहे’ असा अर्थ काढला जातो. आमचा तलाव मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारांच्या म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत, आणि ते इथल्याच लोकांनी पाळ घालून, पाण्याचा उतार ओळखून बांधलेले आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गावाला पाणी, चराई, सरपण यांचे जे हक्क होते ते निस्तारपत्रकात नोंदले गेले. माझ्या आजोबांनी या पाळीवर श्रमदान केले आहे. तलावामागचे जंगल टिकले म्हणून तलावात गाळ कमी येतो आणि तलाव टिकला म्हणून माझे धान पिकते, एवढे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. हा भाग संरक्षित झाला तेव्हा मला आनंदच झाला होता.

इको-सेन्सिटिव्ह झोनची अधिसूचना मी शब्दन् शब्द वाचली आहे. केंद्र सरकार ती पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 खाली काढते, आणि तिच्यात कामांचे तीन भाग केलेले असतात: प्रतिबंधित, नियंत्रित आणि प्रोत्साहन देण्याजोगी. खाणी, दगडाच्या खदानी, प्रदूषण करणारे कारखाने, नव्या आरागिरण्या आणि नाल्यात प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे या गोष्टी पहिल्या भागात येतात. पावसाचे पाणी साठवणे, सेंद्रिय शेती आणि सौरऊर्जा तिसऱ्या भागात येतात. उरलेले बहुतेक सगळे मधल्या भागात, म्हणजे नियम पाळून करता येण्यासारखे. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवे व्यापारी बांधकाम करता येत नाही. परंतु स्थानिक माणसाला स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या राहण्यासाठी आणि नेहमीच्या गरजांसाठी बांधकाम करता येते, असे त्याच कलमात लिहिलेले असते. मान्य असलेल्या सध्याच्या जमीनवापरावर झोनच्या महायोजनेने, म्हणजे झोनमधल्या जमीनवापराच्या आराखड्याने, कोणतेही नवे बंधन घालू नये, हेही तिथे स्वच्छ शब्दांत असते. म्हणजे माझा गोठा कायद्याला मान्य आहे. तो फक्त टेबलांना मान्य नाही.

तलाठ्याकडे गेलो तर ते म्हणाले, वनविभागाचे पत्र आणा. वनविभागात गेलो तर सांगितले, जमीन महसुली आहे, आमचा संबंध झोनपुरता. समितीकडे अर्ज करा. समिती म्हणजे झोनवर देखरेख ठेवणारी संनियंत्रण समिती, जिचे अध्यक्ष बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी असतात. तिथल्या आवक खिडकीवर माझा अर्ज घेतला गेला, शिक्का मारला गेला, आणि दोन महिन्यांनी मी विचारायला गेलो तेव्हा बाबूंनी फाइल न उघडता मला विचारले, “भाऊ, तुमचा गट झोनच्या आत येतो की बाहेर, ते लिहून आणलं का?” मी म्हणालो, “ते तुमच्याच नकाशावर असेल ना साहेब?” त्यांनी टेबलावरचा नकाशा माझ्याकडे वळवला. राजपत्रातल्या नकाशाची ती झेरॉक्सची झेरॉक्स होती. अख्खा तालुका हाताच्या पंज्याएवढा, हद्दीची रेघ माझ्या करंगळीएवढी जाड, आणि त्या रेघेखाली आमच्या गावातले निदान दीडशे गट झाकलेले. “यावर गट नंबर नसतात,” ते म्हणाले. “मोजणी करून आणा.” भूमी अभिलेख कार्यालयात गेलो तर उत्तर मिळाले की ते गटाची हद्द मोजतात, झोनची हद्द त्यांच्या अभिलेखात आलेलीच नाही.

हे चक्र ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल की यात कोणी ‘नाही’ म्हणत नाही. ‘नाही’ म्हटले असते तर मी अपील केले असते. इथे प्रत्येक जण पुढचे टेबल दाखवतो, आणि माणूस मजुरीचे दिवस बुडवून, एसटीची वाट पाहत, तीच कागदांची पिशवी काखेत मारून फिरत राहतो.

मग अर्धवट माहितीचा मारा सुरू होतो. एका कार्यालयात मला ठणकावून सांगितले गेले की पाणथळ जागेच्या नियमांनुसार तलावापासून पन्नास मीटरच्या आत काहीच बांधता येत नाही. मी 2017 चे पाणथळ जागा नियम मिळवून वाचले. पन्नास मीटरचे अंतर त्यात आहे. ते गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून मोजायचे असते, आणि बंदी कायमस्वरूपी बांधकामावर आहे. पण सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय त्या नियमांतल्या पाणथळ जागेच्या व्याख्येतच बसत नाहीत, आणि वन्यजीव कायद्याखालच्या क्षेत्रात येणाऱ्या पाणथळ जागांना ते नियम लागूच होत नाहीत. आमचा तलाव सिंचनासाठी बांधलेला आहे आणि अभयारण्यातही आहे. शिवाय माझा गोठा पाण्यापासून पन्नास मीटरवर नाही, त्याच्या कित्येक पट दूर आहे. हे सगळे दाखवल्यावर समोरच्या माणसाने एवढेच म्हटले की त्यांना तसे तोंडी आदेश आहेत.

दुसऱ्या ठिकाणी सर्वोच्च न्यायालयाचा दाखला देण्यात आला. 3 जून 2022 च्या आदेशात प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचा झोन आणि त्यात नव्या कायमस्वरूपी बांधकामाला मनाई, असे म्हटले होते, हे खरे आहे. पण त्याच न्यायालयाने 26 एप्रिल 2023 रोजी तो आदेश बदलला, आणि बदलताना जे कारण दिले ते वाचून मला वाटले होते की आता आमचे हाल संपतील. झोनमध्ये शेकडो गावे आहेत, सरसकट मनाई ठेवली तर गावकऱ्याला आपले पडके घरसुद्धा पुन्हा बांधता येणार नाही, शाळा, दवाखाने, अंगणवाड्या अडतील, अशा आशयाचे ते निरीक्षण आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जी गोष्ट दिल्लीत बसून दिसली, ती आमच्या तालुक्याच्या ठिकाणी अजून पोहोचलेली नाही. तिथल्या फाइलला आजही 2022 चाच आदेश लावलेला आहे.

आता तलावाच्या पूर्वेकडे काय चालले आहे ते सांगतो. तिथे एक रिसॉर्ट उभे राहिले आहे. अभयारण्याच्या हद्दीच्या खांबापासून त्याच्या भिंतीपर्यंत मी स्वतः चालत मोजले. चारशे दहा पावले भरली. काँक्रीटच्या पायावर काचेच्या खोल्या आहेत आणि त्यांना कागदावर ‘पर्यटनासाठी तात्पुरत्या रचना’ म्हटलेले आहे. ज्या पांदणीने आमची गुरे पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जात होती, ती पांदण त्या भिंतीत गेली. हॉटेलांच्या कुंपणावर, रात्रीच्या वाहतुकीवर आणि भूजलाच्या व्यापारी उपशावर नियंत्रण ठेवावे, असे त्याच अधिसूचनेच्या त्याच मधल्या भागात लिहिलेले आहे. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी संध्याकाळी मी पाळीवर उभा होतो. पूर्वी त्या वेळी बदके पाण्यावर उतरायची आणि त्यांच्या पंखांचा आवाज पाळीपर्यंत ऐकू यायचा. त्या दिवशी जनरेटरची घरघर होती, पाण्यावर पिवळ्या दिव्यांची लांब ओळ पसरली होती, आणि रिसॉर्टच्या मागच्या बाजूने एक काळा पाइप नाल्यात सोडलेला होता. त्याच्या तोंडाशी फेस साचला होता आणि वास दूरवर येत होता. मी फोटो काढून लेखी तक्रार दिली. त्या तक्रारीवरही शिक्का बसला आहे.

माझी भिंत चौदा महिने अडते आणि रिसॉर्टची भिंत एका उन्हाळ्यात उभी राहते, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. अंतिम अधिसूचनेनंतर दोन वर्षांच्या आत, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून, झोनची महायोजना तयार करायची असते. गावे, शेती, जंगलाचे प्रकार, तलाव, देवस्थाने, सगळे नकाशांवर वेगवेगळे दाखवायचे असते. आमच्याकडे ती मुदत केव्हाच उलटून गेली आणि महायोजना झालेली नाही. सल्लामसलतीची एक बैठकही आमच्या ग्रामसभेने पाहिलेली नाही. महायोजना असती तर माझ्या गटावर ‘गावठाण व शेती’ असा रंग असता आणि रिसॉर्टच्या गटावर काय आहे तेही प्रत्येकाला दिसले असते. ती नसल्यामुळे मधल्या भागातले प्रत्येक काम समोर बसलेल्या माणसाच्या मर्जीवर गेले आहे, आणि मर्जी सांभाळायला वकील, सल्लागार आणि गाडी लागते. ज्याच्याकडे ते असते त्याचे ‘नियंत्रित’ म्हणजे ‘होय’ ठरते. माझ्याकडे नाही, म्हणून माझे ‘नियंत्रित’ म्हणजे ‘नंतर या’.

गावात मी एकटा नाही. मासेमार सोसायटीच्या ढिवर बांधवांचे जाळे दोनदा जप्त झाले. वनहक्क कायदा, 2006 मध्ये मासे आणि चराई हे हक्क म्हणून शब्दांत लिहिलेले आहेत, पण दावा कुठे अडकला आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. तलावाच्या काठावर बेशरमाची झुडपे माजली आहेत, त्यांच्यामुळे मासे आणि पाणवनस्पती दोन्ही जात आहेत. आमच्या बायकांचा गट ती स्वतः उपटायला तयार आहे, तर त्यालाही परवानगी हवी आणि तीही प्रलंबित आहे. गुरांचे तर विचारूच नका. वन्यजीव कायद्यातले कलम 33-अ अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या जनावरांना लस टोचण्याची व्यवस्था करायला सांगते. म्हणजे इथे गुरे असणार हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. ती बांधायला छप्पर लागते, हे गृहीत धरायला कोणाची ना नाही, फक्त सही नाही.

वनरक्षकांवर माझा राग नाही. त्यांच्यातला एक तरुण उन्हाळ्यात आमच्याबरोबर रात्रभर वणवा विझवत होता आणि त्याने मला सरळ सांगितले की दादा, तुमचा गोठा आमच्या त्रासाचा विषयच नाही. माझा राग वरच्या खुर्च्यांवर आहे, ज्यांनी एक चांगला नियम हातात असताना त्याचे काम केले नाही. या नियमाची बदनामी तेच करत आहेत. आमच्या गावातली पंचविशीतली मुले आता उघड म्हणतात की झोन उठवा, अभयारण्य उठवा. मी त्यांच्याशी भांडतो, पण माझी पडकी भिंत त्यांच्यासमोर उभी असताना माझ्या बोलण्याला वजन राहत नाही.

मला हवे आहे ते फार थोडे आहे. झोनची हद्द गट नंबरांसह गावनकाशावर उतरवून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ज्या कामांना अधिसूचनेतच मुभा आहे, त्यांचा अर्ज कोणी, किती दिवसांत निकाली काढायचा ते लेखी ठरवा. नाकारायचे असेल तर कलम लिहून नाकारा. आणि पूर्वेकडच्या त्या भिंतीला कोणत्या बैठकीत, कोणत्या ठरावाने मान्यता मिळाली ते इतिवृत्त आम्हाला दाखवा. ते इतिवृत्त मी माहिती अधिकारात मागितले आहे. तीस दिवस गेल्या आठवड्यात पूर्ण झाले आणि उत्तर आलेले नाही, म्हणून सोमवारी पहिल्या एसटीने मी पहिले अपील दाखल करायला जातो आहे. गोठ्याच्या मागे सध्या बांबूचा ताटवा आणि ताडपत्री आहे, आणि काल रात्री पुन्हा आभाळ भरून आले होते.