पुडीवर काय लिहायचं?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक भांडण सुरू आहे आणि ते मिटायची चिन्हं नाहीत. एका बाजूला माझा चुलतभाऊ, त्याचं कोल्हापुरात राजारामपुरीत मेडिकल आहे. दुसऱ्या बाजूला आण्णा, म्हणजे माझे वडील. महाद्वार रोडला लागून असलेल्या बोळात त्यांचं काष्ठौषधीचं, म्हणजे वाळलेल्या औषधी मुळ्या-सालींचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. चुलतभावाचं म्हणणं असं, "मला २० नंबरचं लायसन पायजे, २१ नंबरचं पायजे, फार्मासिस्ट उभा पायजे, फ्रीज पायजे, बिलं पायजेत. इन्स्पेक्टर कवाबी दारात. आणि काका पोत्यातनं काढून औषधं विकणार, त्यांना विचारणारा कोण न्हाई?" आण्णांना टाइप करायचा कंटाळा, त्यांचं उत्तर आवाजात येतं, "आता सुंठीला पण लायसन काढायचं व्हय रे?"

मधे वहिनी आहे. ती बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना चालवते आणि दोघांनाही अधूनमधून गप्प करते. आणि शेवटी सगळे माझ्याकडे वळतात. मी ब्रिटनमधल्या लेस्टरला एका फार्मसीच्या काउंटरवर चौदा वर्षं उभी आहे. "तिकडं काय असतंय ते सांग की," असं म्हणतात. तिकडं असतं ते बरोबरच असणार, अशी चुलतभावाची खात्री. तिकडं असतं ते आपल्या मुळावर येणार, अशी आण्णांची.

आधी आपल्याकडचं, म्हणजे कोल्हापूरचं. दोघांनाही आपला कायदा अर्धाच माहीत आहे. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा मूळ कायदा १९४० चा, त्यात आयुर्वेद, सिद्ध, युनानी यांचं वेगळं प्रकरण १९६४ साली घातलं गेलं. त्या प्रकरणात औषध तयार करणाऱ्याला परवाना लागतो, विकणाऱ्याला लागत नाही. त्यामुळे चुलतभावाच्या काचेच्या कपाटातलं च्यवनप्राश पलीकडच्या किराणा दुकानातही मिळतं आणि त्यात बेकायदा काही नाही. भेसळीचा, बनावट किंवा खोट्या नावाचा माल विकला तर मात्र विकणाराही सापडतो. इथपर्यंत आण्णा खूश होते.

मग मी विचारलं, "आण्णा, तुम्ही ते पोटाचं चूर्ण गल्लीतल्या गिरणीत दळून, पुड्या बांधून ठेवता, त्याचं काय?" सुंठ, ओवा, बडीशेप, सैंधव, हिरडा घालून ते चूर्ण होतं, आख्ख्या पेठेत खपतं. कायद्याच्या भाषेत दळणं, मिसळणं आणि विकायला बांधून ठेवणं म्हणजे उत्पादन. वैद्याला स्वतःच्या रुग्णापुरतं औषध करायची सूट आहे, पण आण्णा वैद्य नाहीत. ते दुकानदार आहेत. म्हणजे नुसती सुंठ विकणारे आण्णा कायद्यात बसतात आणि सुंठीचं चूर्ण विकणारे आण्णा बसत नाहीत. यावर ग्रुपवर दोन दिवस आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, "मग काय, मी चोर व्हय?"

नाही. पण ब्रिटनमध्ये तुमच्यासारख्यांचं काय झालं ते ऐका.

इथे १९६८ च्या औषध कायद्यात वनौषधींसाठी बरीच मोकळी जागा होती. वनस्पती वाळवली, कुटली, तिच्याच नावाने विकली आणि लेखी दावा केला नाही, तर परवान्याची कटकट नव्हती. युरोपीय संघाने २००४ मध्ये नवा निर्देश काढला, सात वर्षांची मुदत दिली आणि ३० एप्रिल २०११ नंतर कारखान्यातून येणाऱ्या मालाला ती जागा बंद झाली. आता दुकानाच्या फळीवर औषध म्हणून ठेवायचं तर 'पारंपरिक वनौषधी' अशी नोंदणी हवी. औषध गुणकारी आहे हे सिद्ध करायची गरज नाही. ते किमान तीस वर्षं वापरात आहे हे दाखवायचं, आणि त्या निर्देशात अट अशी होती की त्यातली पंधरा वर्षं युरोपीय संघात. डबीवर लिहावं लागतं की हा उपयोग केवळ दीर्घ पारंपरिक वापरावर आधारित आहे. दावाही किरकोळ दुखण्यापुरताच करता येतो. सर्दी, अपचन, झोप न लागणं चालतं, मधुमेह चालत नाही.

नियम वाचताना शहाणपणाचा वाटतो. पण त्या पंधरा वर्षांनी आपली पंचाईत केली. चरकसंहितेत सापडणारं औषध हजारो वर्षं जुनं असेल, युरोपात विकल्याची पावती कुठून आणायची? शिवाय एकाच वनस्पतीची गोळी असेल तर तपासण्या झेपतात. दहा द्रव्यांच्या काढ्यात प्रत्येक द्रव्य ओळखून, ते टिकतं हे दाखवायचं म्हणजे सगळा पैसा प्रयोगशाळेच्या बिलातच जातो. माझ्या फार्मसीच्या फळीवर व्हॅलेरियन, एकिनेशिया, सेंट जॉन्स वर्ट अशा वनस्पतींच्या गोळ्या दिसतात. दशमूळ मी चौदा वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

म्हणून ते खपायचं थांबलं का? लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर जाऊन बघा. साड्या, सोनं, मिठाई, आणि किराणा दुकानाच्या मागच्या फळीवर सगळं आहे. काही 'खाद्यपूरक' या नावाखाली रीतसर, अश्वगंधा त्यातलीच. काही नुसतंच कुणाच्या तरी बॅगेतून आलेलं. दावा लिहिला नाही की औषध अन्न होतं, ही पळवाट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. भारतानेही २०२२ मध्ये 'आयुर्वेद आहार' असा अन्नाच्या बाजूचा वेगळा कप्पा केला, तेव्हा मला हसू आलं. कप्पे वाढतात, पुडी तीच राहते.

ब्रिटनच्या या कडक कायद्यात एक खिडकी मात्र उघडी ठेवली आहे. वनौषधी देणाऱ्याने रुग्णाशी समोरासमोर बोलून, स्वतःच्या जागेत, त्या एका माणसासाठी औषध बनवलं तर नोंदणी लागत नाही. आपल्या वैद्याच्या सवलतीची ही सख्खी बहीण. पण आपल्याकडे वैद्याला निदान नोंदणी करावी लागते. इथे वनौषधी देणारा म्हणवून घ्यायला सरकारी नोंदणीची सक्तीच नाही. चुलतभावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "असं कसं? तिकडं?"

असंच. तिकडचं सगळं बरोबर नसतं, भावा.

आता आत्याची गोष्ट सांगते. तिच्यामुळेच मी आण्णांच्या बाजूने पूर्णपणे उभी राहू शकत नाही.

आत्याचे गुडघे दुखायचे. कुणीतरी एका बाजाराच्या गावातला माणूस सांगितला. करड्या रंगाची पावडर, कागदाच्या पुडीत, महिन्याचे हजार रुपये. "शंभर टक्के जडीबुटी." आठव्या दिवशी आत्या अंबाबाईच्या देवळाच्या पायऱ्या न थांबता चढली. सगळ्या पाहुण्यांना तिने तो पत्ता दिला. पाच महिन्यांनी तिचा चेहरा गोल झाला, कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं व्हायला लागलं, आणि कधी नव्हती ती शुगर निघाली. वहिनीने पुडी बघितली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "एकदम बंद करू नका." तिला स्टेरॉइडचा संशय होता. असं औषध महिनोन्‌महिने घेतलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, आणि मग पुडी एका दिवसात तोडली तर माणूस कोसळू शकतो. मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी हळूहळू उतरवलं. पुडीवर ना नाव, ना गाव, ना तारीख. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध?

या पुडीवाल्याला विक्रीच्या परवान्याने रोखता आलं असतं का? तो परवाना मागायला आलाच नसता. आले असते आण्णा, आणि रांगेत उभे राहून, फॉर्म भरून, शेवटी कंटाळून दुकान बंद केलं असतं. मग पेठेत उरले असते मोठ्या कंपन्यांचे डबे आणि तो करड्या पावडरीचा माणूस.

म्हणून माझं मत दोघांनाही न आवडणारं आहे. नियम दुकानावर नको, पुडीवर हवा. सुटी वनस्पती विकणाऱ्या प्रत्येकाने पुडीवर चार गोष्टी लिहाव्यात: वनस्पतीचं नाव, कोणता भाग, बांधल्याची तारीख, दुकानाचं नाव. ज्या पुडीवर हे नाही ती विकणं गुन्हा. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे पुरतात. आणि गिऱ्हाइकालाही कळतं की बिननावाची पुडी घ्यायची नाही.

'कोणता भाग' यावर आण्णा हसले. पण त्यात खूप आहे. अश्वगंधा म्हटलं की मूळ. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका म्हणून बजावलं. पानं स्वस्त पडतात आणि चूर्णात कळत नाहीत. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेच्या उंच हिरव्या खोट्या अशोकाची साल खपते, हे आण्णांनीच मला लहानपणी दोन्ही साली हातात देऊन शिकवलं. आणि बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरी पडली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं गेली. ती दुसरी आपल्या ईश्वरमूळाच्या घराण्यातली होती. विष घालायचा कुणाचा हेतू नव्हता, नावांची गल्लत झाली. आण्णा हिरडा चावून सांगतात की राधानगरीकडचा आहे की बाहेरचा. ही विद्या ब्रिटनच्या कुठल्याच फॉर्मवर मागत नाहीत. पण ती आण्णांच्या जिभेबरोबर जाणार, पुडीवर लिहिली तर निदान काहीतरी उरेल.

विषारी द्रव्यांचं वेगळं. नियमावलीत 'ई (१)' नावाची यादी आहे. वचनाग, कुचला, जेपाळ, धोतरा, गुंज, बिब्बा, पारा, हरताळ, सगळे तिथे बसलेत. ही द्रव्यं असलेल्या तयार औषधाच्या डबीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं. सुट्या मालाला डबीच नाही, तर छापणार कुठे? बिब्बा तर आपल्याकडे शनिवारी लिंबू-मिरचीबरोबर दारात टांगायला मिळतो, त्याला कोण वैद्य विचारणार! पण वचनाग आणि कुचला तरी कुलपात ठेवावेत, घेणाऱ्याचं नाव वहीत लिहावं. आण्णा कुचला कुलपातच ठेवतात. वही नाही.

जाहिरातींवर टीव्हीवर इतकं बोलून झालंय की मी थोडक्यात सांगते. २०१८ च्या डिसेंबरात नियम १७० आला, आयुर्वेदिक औषधाच्या जाहिरातीला आधी परवानगी घ्या म्हणणारा. २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना कारवाई करू नका असं कळवलं, १ जुलै २०२४ ला नियम काढून टाकला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काढण्याला स्थगिती दिली. पतंजलीच्या जाहिरातींवरून सुरू झालेलं ते प्रकरण २०२५ मध्ये न्यायालयाने बंद केलं. या सगळ्यात १९५४ चा जादुई उपचारांविरुद्धचा कायदा जागच्या जागी आहे. मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करणं त्या कायद्याने गुन्हाच आहे. महाद्वारावर उभं राहून चारी बाजूंच्या भिंती वाचा आणि त्या कायद्याचा अंमल किती ते सांगा. पण आत्याच्या पुडीची जाहिरात कुठेच नव्हती. ती एका पाहुणीने दुसरीला सांगितली होती. जाहिरातीचा कायदा तिच्यापर्यंत पोचणारच नव्हता.

इथल्या काउंटरवर आम्ही प्रत्येकाला विचारतो, वनौषधी काही घेता का? आपली माणसं हमखास "नाही" म्हणतात. मग मी मराठीत किंवा मोडक्या गुजरातीत विचारते, "काढा? चूर्ण? गावाहून आणलेलं काही?" तेव्हा पिशवी उघडते. त्यांच्या लेखी ते औषध नाहीच, घरचं आहे. वहिनीच्या दवाखान्यातही तेच, ती म्हणते. सेंट जॉन्स वर्टने गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते हे इथे डबीवर छापलेलं असतं, म्हणून मुली निदान विचारतात तरी. छापलेल्या ओळीचा एवढा उपयोग मी डोळ्यांनी बघितला आहे.

गेल्या आठवड्यात आण्णांनी एक फोटो पाठवला. त्यांनी रबरी शिक्का करून आणलाय. वर दुकानाचं नाव, खाली 'वनस्पती', 'भाग', 'तारीख' आणि पुढे रेघा. चुलतभावाने शाबासकीच्या अंगठ्याचा इमोजी टाकला. मी लिहिलं, आण्णा, एक ओळ अजून टाका, कुणी घेऊ नये त्याची. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, बीपीवाल्यांना सांगायला नको?

उत्तर आवाजात आलं. "अगं, ते मी तोंडानं सांगतोच की. छापलं तर गिऱ्हाईक म्हणंल, या म्हाताऱ्याच्या मालातच काय तरी खोट हाय."

"इथे छापतात आण्णा, तरी लोक घेतात."

"तिकडं दुसरं मिळतंय काय त्यास्नी?"

काल दुसरा फोटो आला. ज्येष्ठमधाची पुडी, भाग मूळ, तारीख परवाची. शिक्क्याखाली पेनाने एक रेघ जास्तीची ओढलेली आहे. तिच्यावर अजून काही लिहिलेलं नाही.