१८०४ चा डॉलर आणि १९,५७० चा आकडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेच्या सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांवरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटलेला नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेतून नीट पोचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन टांकसाळीच्याच वहीत १८०४ साली १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे, मग ते नाणं दुर्मीळ कसलं? दुर्मीळपणा ही लिलाववाल्यांनी उठवलेली आवई आहे. शिवाय तुमच्या आजोबांनी जुन्या बाजारातून घेतलेला १८०४ चा डॉलर तुमच्याच कपाटात आहे. त्या डॉलरकडे शेवटी येतो.

१९,५७० हा आकडा खरा आहे. पण त्या वर्षी पाडलेल्या डॉलरांवर साल होतं १८०३ किंवा त्याच्याही आधीचं. फिलाडेल्फियाच्या त्या टांकसाळीत चांगला ठसा, म्हणजे नाण्यावर चित्र आणि साल उमटवणारा साचा, मिळणं ही मुश्कीलीची गोष्ट. तडा जाईपर्यंत तो वापरायचा, साल बदललं म्हणून मोडीत काढायचा नाही. आणि लगेच डॉलर पाडणंच बंद झालं. कारण मोठं मजेशीर आहे. वेस्ट इंडीजमध्ये अमेरिकन डॉलरच्या बदल्यात स्पॅनिश डॉलर एकास एक मिळे, आणि स्पॅनिश डॉलर वजनाला किंचित जास्त. तो आणून टांकसाळीत दिला की नवे डॉलर पाडून मिळत आणि वर थोडी चांदी सुटे. टांकसाळ नाणी पाडायची, व्यापारी ती बोटीत भरायचे.

मग १८०४ साल घातलेले डॉलर आले कुठून? ते पाडले गेले तीस वर्षांनी, १८३४ मध्ये. मस्कतचा सुलतान आणि सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा यांना नजराणा म्हणून नाण्यांचे संच द्यायचे ठरले. टांकसाळीतल्या लोकांनी जुन्या वह्या चाळल्या, शेवटचे डॉलर १८०४ चे दिसले, म्हणून तेच साल कोरून नवे ठसे केले. एडमंड रॉबर्ट्स हा दूत ‘पीकॉक’ जहाजातून ते संच घेऊन निघाला. मस्कतचं काम झाल्यावर, वाटेत खडकाला घासलेलं ते जहाज दुरुस्तीसाठी १८३५ मध्ये आपल्या मुंबईत आलं होतं. सयाममध्ये नजराणा पोचला १८३६ साली, म्हणजे सयामच्या राजाचा डॉलर तेव्हा मुंबई बंदरात जहाजावरच असणार. मला या एका गोष्टीचं फार अप्रूप आहे. असो. या पहिल्या प्रकारची आठ नाणी माहीत आहेत. पुढे टांकसाळीतल्याच मंडळींनी आडमार्गाने आणखी काही पाडली. त्यातलं एक तर १८५७ च्या स्विस नाण्यावर ठसा मारून केलेलं, ते आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तेव्हा तुमचे १९,५७० आणि ही नाणी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

तुमची खरी गफलत पुढची आहे. किती पाडली हा आकडा तुम्ही किती उरली असा वाचता. १७९४ चा पहिलावहिला डॉलर घ्या. १५ ऑक्टोबरला १,७५८ नग हवाली झाले. आज जाणकारांच्या अंदाजाने सव्वाशे-दीडशे शिल्लक आहेत. बाकीचे झिजले, परदेशी गेले, मुशीत गेले. यातलं उदाहरण तर आपल्याच घरचं आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक कागदी नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारची तिजोरी आटत चालली. तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या जवळपास २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला विकली, ती इथल्या रुपयांसाठी. ते डॉलर नंतरच्या काळातले, ‘मॉर्गन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचे. पण कुठल्या सालाचे किती वितळवले याची नोंदच कोणी ठेवली नाही. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर अनेक वर्षं महादुर्मीळ म्हणून विकला जात होता. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याची पोतीच बाहेर आली आणि भाव धाडकन कोसळला. वहीतला आकडा दोन्ही वेळा जसाच्या तसा होता.

लिलाववाल्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार नाही. दुर्मीळपणा आणि किंमत यांचं फारसं जमत नाही. १८०७ ते १८३६ या काळातले अर्धे डॉलर लाखांनी पाडले गेले. त्यांचे शौकीन पुढच्या आणि मागच्या ठशांची एकेक जोडी वेगळी काढून जमवतात. त्यातल्या काही जोड्यांची जगात दहा-बारासुद्धा नाणी नाहीत, पण बातमी कुठेच येत नाही. उलट १७९४ चा एक डॉलर जानेवारी २०१३ मध्ये १,००,१६,८७५ डॉलरला गेला. ‘पहिला’ या शब्दाचे पैसे आहेत ते, आणि त्या नाण्याच्या अवस्थेचे.

अवस्थेवरून आठवलं. १७९४ च्या डॉलरवर डावीकडचे तारे पुसट दिसतात म्हणून तुम्ही त्याला ‘झिजकं’ म्हटलंत. ती झीज नाही. यंत्र डॉलरच्या मानाने लहान होतं आणि ठसे समांतर बसले नव्हते, त्यामुळे डावी बाजू मुळातच उठली नाही. केसांवर आडव्या बारीक रेघा दिसल्या तरी लगेच ‘कोणीतरी खरवडलंय’ म्हणू नका. कोरी चकती वजनाला जास्त भरली तर कानशीने घासून ती बरोबर करत. १७९५ मध्ये या कामावर सेरा वॉल्ड्रेक आणि रेचल समर्स या दोन बायका नेमल्या होत्या. एक कोटीला गेलेल्या त्या नाण्यात तर मध्यभागी चांदीची बुच बसवलेली आहे: चकती हलकी भरली, म्हणून भोक पाडून चांदी ठोकली आणि वर ठसा मारला.

आता तुमच्या कपाटातला डॉलर. आजोबांचा पूर्ण मान राखून सांगतो, १८०४ च्या नकलांचा सुळसुळाट आहे. आधी सोनाराच्या काट्यावर घाला, वजन २६.९६ ग्रॅमच्या आसपास हवं. मग कड बघा. तिथे ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ अशी अक्षरं असायला हवीत. नुसत्या उभ्या रेघा असतील तर विषय संपला. दोन्ही जमलं तर भिंग घेऊन सालातला ४ तपासा. १८०१ सारख्या खऱ्या डॉलरचा शेवटचा आकडा कोरून ४ केल्याची उदाहरणं बरीच आहेत. तसं निघालं तर हिरमुसू नका, कारण मग तो बिघडवलेला का होईना, पण खरा जुना डॉलर असेल. कडेचा आणि सालाचा जवळून घेतलेला फोटो इथेच खाली टाका. आणि तोवर कृपा करून त्याला चिंच लावून घासू नका.