नाट्यगृहाला जाळी लावा, फोनला हात लावू नका

रसिकहो, तिसरी घंटा होण्यापूर्वी आपापले भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची जी विनंती केली जाते, ती शेजारच्या खुर्चीवरील प्रेक्षकासाठी असते, हे आपण जाणताच. आपण तिकिटाचे पूर्ण पैसे मोजलेले आहेत. त्यात वर बटण दाबण्याचे कष्टही आपणच घ्यावेत, ही अपेक्षा रास्त म्हणता येणार नाही. 2019 मध्ये अभिनेते सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनांना वैतागून, नाटकात काम न करणे हाच यावरचा उपाय असल्याचे समाजमाध्यमावर लिहिले होते. नटाने काम सोडणे हा उपाय सुटसुटीत खरा, पण त्याने आपली करमणूक बुडते. म्हणून नाट्यगृहात येणाऱ्या फोनच्या लहरीच अडवाव्यात, अशी मागणी आपण लावून धरावी, आणि ती मान्य होईपर्यंत फोन चालूच ठेवावा, म्हणजे मागणीची निकड संबंधितांच्या कानी पडत राहील.

पहिला मार्ग जॅमरचा. मोबाइलच्या मनोऱ्याकडून फोनकडे येणारा संदेश ज्या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) असतो, त्याच कंप्रतेवर हे यंत्र इतका गोंगाट करते की फोनला मनोऱ्याचे बोलणे ऐकूच येत नाही. गोंगाटावर उतारा म्हणून अधिक मोठा गोंगाट, ही रीत आपल्या मिरवणुकांत मुरलेली असल्याने तिच्याविषयी अधिक सांगायला नको. अडचण एवढीच की भारतात खाजगी व्यक्तीला वा संस्थेला जॅमर विकत घेण्याची वा वापरण्याची मुभा नाही. परवानगी कॅबिनेट सचिवालयाकडून येते, ती तुरुंग, सुरक्षा दले, परीक्षा घेणाऱ्या संस्था अशांसाठी असते, आणि 2022 च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने याची पुन्हा जाहीर आठवणही करून दिली. तेव्हा आपला अर्ज थेट दिल्लीला पाठवावा आणि त्यात नाट्यगृह हे तुरुंगाच्या व्याख्येत कसे बसते ते सविस्तर मांडावे. काही प्रायोगिक नाटकांच्या प्रेक्षकांचे जबाब सोबत जोडल्यास काम सोपे होईल.

परवानगी मिळालीच, तर एका यंत्रावर भागेल असे समजू नये. आपल्याकडे 700, 800, 900, 1800, 2100, 2300, 2500 आणि 3300 मेगाहर्ट्झ अशा निरनिराळ्या पट्ट्यांत सेवा चालते आणि प्रत्येक पट्ट्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. टूजीच्या काळात तुरुंगांत बसवलेले जॅमर थ्रीजी-फोरजी आल्यावर नुसते भिंतीची शोभा होऊन राहिले. 2022 मध्ये फाइव्हजी आले, पुढे आणखी काही येईल. महापालिकेला दर चार वर्षांनी नवी निविदा काढता येणे ही अडचण आहे की सोय, हे ज्याने त्याने ठरवावे. शिवाय लहरींना नाट्यगृहाची हद्द कळत नाही. दादरसारख्या ठिकाणी खालच्या दुकानदाराचा, वरच्या मजल्यावरील भाडेकरूचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रुग्णवाहिकेचाही फोन आपल्या कलास्वादासाठी गप्प बसेल. प्रेक्षकांत एखादे डॉक्टर असतील, त्यांचा रुग्ण अत्यवस्थ असेल. त्याला मध्यंतरापर्यंत थांबायला सांगावे.

दुसरा मार्ग इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी 1836 मध्येच दाखवून ठेवला आहे. चहूबाजूंनी धातूच्या पत्र्याने वा जाळीने वेढलेल्या खोलीत बाहेरच्या विद्युतक्षेत्राचा शिरकाव होत नाही. ही जाळी स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नसल्याने ती जॅमरमध्ये मोडत नाही. 3300 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे नऊ सेंटिमीटर असते आणि जाळीचे छिद्र त्याच्या दहाव्या हिश्शाहून लहान असलेले बरे, म्हणजे साधारण करंगळीही जाणार नाही इतके. भिंती, छत आणि रंगमंचाखालची जमीनसुद्धा अशा तांब्याच्या जाळीने मढवावी. वातानुकूलन बंद आहे, स्वच्छतागृहात पाणी नाही, छत गळते, अशा क्षुल्लक तक्रारी त्या काळात कुणी काढू नयेत. तांबे भिंतीत किती दिवस राहील, हा प्रश्न अर्थात वेगळा.

खरी मौज दारांची आहे. बंदिस्त खोलीत लहरी फटीतून शिरतात, आणि फट अरुंद असली तरी लांब असली की पुरे होते. आपल्याकडे पडदा वर गेल्यावर वीस मिनिटे तरी प्रेक्षक येतच असतात. आता कल्पना करा: दुसऱ्या प्रवेशात वडील मुलाला घराबाहेर काढून स्तब्ध उभे आहेत, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि नेमके तेव्हाच पार्ल्याहून निघालेले एक कुटुंब दार ढकलून आत येते. त्यांच्याबरोबर नेटवर्कही येते, आणि अर्ध्या तासाचे तुंबलेले सुप्रभात, वाढदिवसाच्या शुभेच्छा व बँकेचे निरोप दाराजवळच्या पाच रांगांत एकदमच उतरतात. एरवी सुटे सुटे वाजणारे फोन आता समूहाने वाजतील. तोपर्यंत आत कोंडलेला प्रत्येक फोन मनोरा पुन्हा पुन्हा शोधत बसल्याने बॅटरीही उतरलेली असेल, ते निराळेच.

मध्यंतराचाही विचार करून ठेवावा. वड्याच्या खिडकीपाशी क्यूआर कोड लटकलेला असतो, सुटे पैसे कुणाकडेच नसतात, आणि पैसे मिळाल्याचे सांगणारा तो डबा मुका झाला की मालक बशी हातातून सोडत नाही. जाळी उपाहारगृहापर्यंत नेऊ नये, एवढी दुरुस्ती मी आपल्या वतीने आताच सुचवून ठेवतो. कलेसाठी किती सोसायचे यालाही मर्यादा हवी.

इतके सारे झाल्यावर फोन वाजणार नाही, अशी खात्री मात्र बाळगू नये. लहरी अडवल्याने बाहेरून येणारे कॉल थांबतात. गोळी घेण्यासाठी लावलेला रात्री नऊचा गजर फोनच्या पोटातच असतो, आणि तो जाळीच्या आतही बरोबर नऊलाच होतो. फोन पर्समध्ये, पर्स पिशवीत, पिशवीत प्लास्टिकची दुसरी पिशवी, आणि तिच्यात चष्म्याच्या घराखाली तो दडलेला असल्याने हाती येईपर्यंत एक अख्खे स्वगत संपते. हाती आल्यावर तो बंद न करता पडद्यावर काय लिहिले आहे ते चष्मा लावून वाचावे. उजेडामुळे मागच्या तीन रांगांनाही तो मजकूर दिसतो. एवढे होऊन कुणी वळून पाहिलेच, तर जॅमर निकृष्ट दर्जाचा बसवल्याबद्दल महापालिकेला मोठ्याने दोष द्यावा आणि तक्रारवही मागायला लगेच उठावे. व्यवस्थापकांची खोली उपाहारगृहाच्या वाटेवरच असते, त्यामुळे वड्याच्या रांगेत पहिला नंबरही लागतो.