खुलासा : ‘अंदाज’ म्हणजे अंदाजपंचे नव्हे

दांडिया बाजारच्या आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : मायोसिन (पेशीतल्या धाग्यांवरून पावलं टाकणारं प्रथिन) चालतानाचा तो व्हिडिओ बनावट आहे, कारण त्यातला सिग्नल ‘अंदाजाने’ काढतात. हा शब्द माझ्याच रविवारच्या पोस्टमधून उचललाय. चूक माझी.

व्हिडिओ खरा आहे. जपानच्या कानाझावा विद्यापीठात तोशिओ आंदो यांच्या गटाने तो टिपला. शोधनिबंध २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. एकेक पाऊल साधारण ३६ नॅनोमीटरचं (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग)!

कॅमेरा मात्र त्यात नाहीच; उपकरण आहे ‘हाय-स्पीड अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप’. बारीक सुई लावलेली पट्टी प्रथिनावरून सरकताना सेकंदाला काही लाख वेळा थरथरते आणि सुई प्रथिनाला टेकली की थरथर आखडते. पट्टीवर आपटून परतलेला लेसर ते दाखवतो. आमच्या ओसरीवरच्या झोपाळ्याला चालता चालता हात लावला की झोका लहान होतो ना, तसंच. जुनी उपकरणं बऱ्याच झोक्यांची सरासरी काढायची; तोवर सुई पुढे गेलेली. आता जवळजवळ प्रत्येक झोक्याची वरची-खालची टोकं मोजतात, किंवा फूरिए पद्धत, कालमन फिल्टर अशा गणिती रीती वापरून गोंगाटातून झोका वेगळा काढतात. यालाच मी ‘अंदाज’ म्हटलं होतं; हे मोजमापच आहे. रंग तेवढे नंतर भरलेले.

माझी पोस्ट मी काढून टाकली आहे. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.