‘मोठा ॲडाप्टर लावा, विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकास

गच्चीवरच्या मांडवातल्या एलईडी स्ट्रिपच्या दुरुस्तीवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे बाकीच्यांना शोधत बसायला नको.

“एवढं पाल्हाळ कशाला? शेवटचे दिवे मंद दिसतात तर मोठा ॲडाप्टर लावा, विषय संपला. 24 व्होल्टवर जा सांगून चालू माल फेकायला लावायचा, ही दुकानदारी झाली. आयपी65 स्ट्रिपला पाऊस काही करत नाही. आणि वायरची लांबी एकेरी धरायची की दुहेरी, तेही नीट सांगितलेलं नाही.”

शेवटचा मुद्दा मान्य. वायरीतली व्होल्टेजची घट काढताना लांबी दुहेरी धरायची, जाणारी आणि येणारी. लेखात ते कंसात उरकलं होतं, आता ठळक करून ठेवलंय.

‘दुकानदारी’ मात्र गिळता येत नाही. त्या लेखात एकही खरेदीची लिंक नाही, एकाही कंपनीचं नाव नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईतल्या लोहार चाळीत जाऊन स्वतः बघून घ्या, इतकंच लिहिलं होतं. ही कामं मी पोटापाण्यासाठी करत आलोय आणि ‘विषय संपला’ म्हणत बसवलेले मोठे ॲडाप्टर उतरवण्यातच माझी निम्मी कमाई झाली आहे. तेव्हा खरं तर तुमचा सल्लाच आमच्या दुकानाला जास्त परवडतो.

आता तुमचा ॲडाप्टर. 12 व्होल्ट 60 वॉटचा असो नाहीतर 150 वॉटचा, बाहेर 12 व्होल्टच देतो. वॉट म्हणजे त्याची ताकद. तो तेवढं जबरदस्तीनं ढकलत नाही, स्ट्रिप ओढेल तेवढंच जातं. लेखातलंच उदाहरण घ्या. मीटरला 6 वॉटच्या पाच-पाच मीटरच्या दोन स्ट्रिप म्हणजे 60 वॉट, 12 व्होल्टवर 5 अँपिअर. ॲडाप्टर जिन्याच्या खोलीत, मांडव 12 मीटरवर. जाऊन-येऊन 24 मीटर तांबं. 1 चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरचा रोध किलोमीटरला साधारण 19.5 ओहम, म्हणजे इथे 0.47 ओहम. गुणिले 5 अँपिअर, 2.3 व्होल्ट वायरीतच खलास. व्होल्टेज पडलं की स्ट्रिप करंटही कमी ओढते, म्हणून मल्टिमीटरवर थोडं बरं चित्र दिसतं, पण स्ट्रिपच्या तोंडाशी 12 काही मिळत नाहीत. त्यापुढे स्ट्रिपच्या स्वतःच्या पातळ पट्टीत आणखी घट. 150 वॉटचा ॲडाप्टर यातलं काय बदलतो? काहीच नाही. उलट पुढे कुठे शॉर्ट झालं तर त्याच बारीक वायरीतून 12 अँपिअरच्या वर ढकलायची सोय होते.

‘पण आमच्याकडे फरक पडला’ असं तुम्ही म्हणालच. पडतो, दोन कारणांनी. एक तर जुना ॲडाप्टर भरून वाहत असतो, 60 वॉटच्या लोडला 60 वॉटचाच लावलेला. पण तेव्हा फक्त शेपूट मंद होत नाही, सगळी स्ट्रिप लुकलुकते किंवा बंद-चालू होते. म्हणूनच लोड क्षमतेच्या 80 टक्क्यांपर्यंत ठेवा असं लिहिलं होतं. (वाचलंत का?) दुसरं म्हणजे जाळीच्या एसएमपीएसला (पत्र्याच्या डब्यातला ॲडाप्टरच तो) बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून कारागीर 12 चे 13.2 करून देतो. मागचे दिवे उजळतात, गिऱ्हाईक खूश. 12 व्होल्टच्या स्ट्रिपमध्ये तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा गट असतो. एलईडी मिळून 9.3 च्या आसपास घेतात, उरलेले 2.7 रेझिस्टरवर. ते 3.9 झाले की करंट 40 टक्क्यांहून जास्त वाढतो. पुढच्या टोकाचे दिवे तापून पिवळे पडतात आणि वर्षभरात तीन-तीनचे गट मरायला लागतात. मग नवी स्ट्रिप. चालू माल कोण फेकायला लावतंय ते बघा.

तपासायचं कसं, तेही पुन्हा सांगतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत मल्टिमीटरचा उल्लेखच नाही. दिवे चालू ठेवून डीसीवर तीन ठिकाणी मोजा: ॲडाप्टरच्या टर्मिनलवर, स्ट्रिपच्या सुरुवातीला, स्ट्रिपच्या शेवटी. स्ट्रिप सोडवून मोजलंत तर सगळीकडे 12 दिसतील आणि तुम्ही पुन्हा मला पाल्हाळ म्हणाल. पहिल्या दोन आकड्यांत फरक असेल तर वायर जाड करा: 2.5 चौरस मिलिमीटरला तीच घट 1 व्होल्टच्या आत येते. शेवटच्या दोनांत असेल तर दोन्ही स्ट्रिप एकामागे एक जोडल्या आहेत, प्रत्येकीला वेगळी वायर द्या, नाहीतर दोन्ही टोकांनी पुरवठा द्या. वायर घेताना ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, आणि मग वरचा सगळा हिशोब गेला.

24 व्होल्टचं: चालू स्ट्रिप फेका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. नव्यानं करत असाल तर 24 घ्या, करंट निम्मा होतो, बस्स.

आयपी65 वर भांडत बसत नाही. तो दर्जा पाण्याच्या फवाऱ्यासाठी आहे, साचलेल्या पाण्यासाठी नाही, आणि तो कारखान्यातून आलेल्या बंद टोकांचा. कात्रीनं कापून क्लिपचा जोड लावला की तिथे तो संपला. जोड सोल्डर करा, आत गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा, टोकाला न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं. जुलैमध्ये उघड्या जोडाची प्लस बाजू हिरवी का पडते, ते एकदा उघडून बघा.

ॲडाप्टर 230 वर चालतो, त्यामुळे त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवी. हे तुम्ही विचारलं नव्हतं, तरी सांगतो, कारण मोठा ॲडाप्टर तुम्ही एव्हाना लावलाच असणार.

पुढची प्रतिक्रिया मीटरचे तीन आकडे घेऊन आली तर उत्तर देईन. ‘दुकानदारी’ घेऊन आली तर नाही.